‘पुट अप विथ’ आणि माझी धाकटी बहीण

माझी धाकटी बहीण नर्स आहे. जामखेडच्या एका खासगी दवाखान्यात ती कामाला होती, तेव्हाची ही गोष्ट. तिला इंग्लंडला जायचं होतं. तिथं नर्स म्हणून लागायचं तर आधी इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं. पहिली तिन्ही तिला जड नव्हती, कारण नर्सिंगची जाडजूड पुस्तकं तिनं इंग्रजीतूनच वाचली होती. भीती होती ती बोलण्याची. जामखेडच्या वॉर्डात इंग्रजीतून कण्हणारा पेशंट कुठून आणायचा?

परीक्षा पुण्यात झाली. परतीच्या एस.टी.नं ती गावाकडं न जाता थेट शेवगावला माझ्याकडं आली. मी शेवगावच्या एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. संध्याकाळची शाळा सुटत होती आणि फाटकाशी ही उभी. निकाल यायला अवकाश होता, पण चेहऱ्यावर निकाल लागलेला होता.

“अक्का, बोलन्यात गेले मी,” ती म्हणाली.

खोलीवर आल्यावर चहा घेता घेता तिनं सगळं सांगितलं. परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होतो आणि आपण नर्स व्हायचं. तिचा पेशंट पायाच्या ऑपरेशननंतरचा होता.

“तो म्हनला, आय कान्ट पुट अप विथ इट एनी मोअर. पुट म्हनजे ठेवनं, अप म्हनजे वर. मला वाटलं, पाय उशीवर ठेवायचा असंल. मी म्हनलं, डोन्ट वरी सर, आय विल पुट इट अप.”

“मग?”

“मग तो पुन्हा म्हनला, नो, द पेन, आय कान्ट पुट अप विथ द पेन. आता कळा कुठं वर ठेवायच्या? मी म्हनलं, व्हेअर सर?”

मला हसू आवरलं नाही. तीही हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले आणि मग ती पदरात तोंड घालून रडली. वेदना आता सोसवत नाही, इतकं साधं त्या माणसाला म्हणायचं होतं. अख्ख्या दवाखान्यात सुई टोचताना पेशंटला सगळ्यात कमी दुखवणारी म्हणून जिची ख्याती, तिला एका माणसाचं दुखणं कळलं नाही, याचं तिला वाईट वाटत होतं. नापास होण्याचं नंतर.

पुढं निकाल आला. तिला वाटलं होतं तसाच होता.

आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या. आई आणि वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, दर साली ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गावातली निम्मी घरं बंद व्हायची, ट्रॅक्टरच्या मागं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं चढायची. आम्हा दोघींना मात्र दादांनी तोडीवर नेलं नाही. पाथर्डीच्या वसतिगृहात ठेवलं. मी मोठी, म्हणून तिची वेणी, तिचा अभ्यास, तिचं रडणं सगळं माझ्याकडं. तिला पहिली ए-बी-सी-डी मीच वसतिगृहाच्या ओट्यावर खडूनं काढून दिली होती. तेव्हा तिला इंग्रजी शिकवायचं काम पुन्हा माझ्याकडं येणं साहजिकच होतं, आणि खरं सांगते, मला ते मनापासून हवं होतं.

मी शिकत असताना गाळलेल्या जागा भरण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. ‘लुक’च्या पुढं ‘ॲट’, ‘आफ्टर’, ‘इनटू’, का ‘फॉरवर्ड’ आणि वर आणखी ‘टू’, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात तक्ता केला. दवाखान्यात लागतील असे निवडून घेतले. ‘रन आउट ऑफ’, संपणे. ‘कट डाऊन ऑन’, कमी करणे. ‘कम डाऊन विथ’, आजार जडणे. ‘कीप अप विथ’, बरोबरीनं चालणे. ‘टेक केअर ऑफ’, काळजी घेणे. ‘कीप ॲन आय ऑन’, लक्ष ठेवणे. तो तक्ता गावातल्या आमच्या घरात, भाकरीच्या चुलीसमोरच्या भिंतीवर टांगला. रविवारी ती जामखेडहून यायची, मी शेवगावहून जायची, आणि आई भाकरी थापत असताना आमचा वर्ग भरायचा.

तिनं तक्ता लगेच पाठ केला. सलाईन लावताना, ड्रेसिंग करताना ती मनात घोकत असायची. पण पाठ असणं वेगळं आणि तोंडात येणं वेगळं. मी अचानक म्हणायची, “पेशंटला सांग, तुमच्या गोळ्या संपल्यात.” ती म्हणायची, “युवर टॅब्लेट्स आर फिनिश्ड.” चूक काहीच नाही. पण समोरचा तेच ‘रन आउट ऑफ’ लावून भरभर बोलला, की हिचं अडायचं.

“अक्का, रन ऐकलं की मला पळनारा मानूसच दिसतो,” ती म्हणायची. “त्याच्या मागचे ते आउट, ऑफ येईस्तोवर तो पळून गेलेला असतो.”

आणि ‘कीप ॲन आय ऑन’ला तर ती हटूनच बसली.

“सलाईनवर डोळा ठेवायचा? आपल्यात एखाद्याच्या वस्तूवर डोळा ठेवला तर चोर म्हनतील.”

मी चिडून म्हणाले, “मग लक्ष ठेव. अर्थ तिथं लिहिलाय.”

“लिहिलाय गं. पन डोळ्याचं लक्ष कसं झालं, ते कुठं लिहिलंय?”

इतक्या वर्षांत एकाही पोरानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर मीही बहुतेक म्हटलं असतं, तसंच असतं, पाठ करा.

असे पुष्कळ रविवार गेले. एकदा असंच आमचं जुंपलेलं होतं. ती भूक लागलीय म्हणत होती आणि मी आधी तक्त्यातले उरलेले म्हणून दाखव म्हणत होते. आई चुलीपुढून ओरडली, “तिच्या मागं लागू नको. आधी भाकर खाऊ दे. निवांत खाल्लेलं अंगाला लागतं.”

बहीण एकदम थांबली. “अक्का, आई आत्ता काय म्हनली?”

“खाऊ दे म्हणाली.”

“न्हाई. मागं लागू नको, म्हनली. अंगाला लागतं, म्हनली. आणि मी काय म्हनत होते? भूक लागली. ते लागनं एकच हाय का?”

ती बोटांवर मोजत सुटली. ठेच लागते. डोळा लागतो, म्हणजे झोप येते. बोलणं जिवाला लागतं. पोरगं कुणाच्या नादी लागतं. माणूस कामाला लागतो. आई चुलीपुढून म्हणाली, “तुला जीपमधी गाडी लागती, ते इसरली व्हय?” आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो, कारण पाथर्डीच्या घाटात हिला दर खेपेला गाडी लागायचीच. गाडी लागते म्हणजे गाडी कुठं लागते? कुठंच नाही. पोटात ढवळतं.

“आता एखादा गोरा मराठी शिकायला आला,” ती म्हणाली, “आणि त्याला मी म्हनलं, मला गाडी लागली, तर तो म्हनंल, कुठं लागली, रक्त आलं का?”

“तू पुण्यातल्या पेशंटला म्हणाली होतीस तसंच,” मी म्हणाले.

“तसंच! आपून लागनं आनि गाडी आसं येगळं येगळं ऐकतच न्हाई. गाडी-लागली, हा एकच शब्द हाय आपल्याला.”

त्या दिवसापासून तिनं तक्ता वाचायची रीत बदलली. पूर्वी ती पुट, अप, विथ असं पायऱ्या चढल्यासारखं म्हणायची. आता मधे दम न घेता एका झटक्यात म्हणायला लागली, ‘पुटपविथ’, ‘रनाउटव’. इंग्रज माणूसही काहीसा असाच बोलतो, हे मी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून जाणत होते, पण शिकवताना मला कधी सुचलं नव्हतं. शिवाय अर्थापुढं ती आता मराठीतला तसाच जोडीचा शब्दप्रयोग शोधायची. ‘कीप ॲन आय ऑन’ला तिनं ‘नजर असू दे’ लावलं आणि म्हणाली, “हे बग, हितं डोळाच हाय. नुसता साधा डोळा, वाईट न्हाई.” मी तिची मोठी बहीण आणि शिक्षिका, पण त्या घरात आता धडा ती देत होती. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की सोमवारी शाळेत गेल्यावर स्टाफरूममध्ये कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

आता राहिला सराव. पेशंट मी व्हायची. पण माझा पेशंट पुस्तकी होता. ‘आय हॅव अ सिव्हिअर हेडेक सिन्स मॉर्निंग’ असं तो ताठ बसून सांगायचा. बहीण म्हणाली, “असा पेशंट मी अजून बघितला न्हाई. खरा पेशंट आधी दुसरंच काहीतरी सांगतो.”

आई सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. म्हणाली, “मग मला बसवा की आजारी. मला येतं.”

ठरलं. आई खाटेवर बसली, बहीण तिच्यासमोर स्टुलावर आणि मी मधे. आईनं मराठीत बोलायचं, मी ते इंग्रजीत करून सांगायचं, बहिणीनं इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि मी ते आईला मराठीत सांगायचं. आई तर जन्मजात पेशंट निघाली. आधी पाण्याचं बोलली, मग शेजारच्या म्हशीचं, मग म्हणाली, गुडघं धरत्यात. मी भाषांतर करता करता घामाघूम झाले. बहीण मात्र रंगात आली होती. मीठ कमी करा म्हणताना तिच्या तोंडून ‘कट डाऊन ऑन सॉल्ट’ असं सहज आलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघून भुवया उडवल्या.

“बरं, आणखी काय होतं तुम्हाला?” मी आईला बहिणीचा प्रश्न सांगितला.

“आनखी? वझं घिऊन चढताना छातीवर कुनी बसल्यावानी व्हतं,” आई म्हणाली. “जरा थांबलं की जातं. लई दिस अंगावर काढलं.”

पहिलं वाक्य मी इंग्रजीत केलं. दुसऱ्यापाशी अडले. दुखणं अंगावर काढणं. अंग आहे, वर आहे, काढणं आहे, आणि तिन्हींचा मिळून अर्थ तिन्हींतल्या एकातही नाही. औषधपाणी न करता सोसत राहणं. याला काय म्हणायचं?

मी तोंड उघडायच्या आत बहीण स्टुलावरून उठलीच. “पुट अप विथ! अक्का, पुट अप विथ! शी हॅज बीन पुटिंग अप विथ इट!”

तिनं टाळी वाजवली. मीही वाजवली. ज्या तीन शब्दांनी तिला पुण्यात रडवलं होतं, ते तिला आता आईच्या तोंडात सापडले होते. आई आमच्याकडं बघून हसत होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं होतं.

बहीण पुन्हा बसली आणि नर्सच्या आवाजात म्हणाली, “अँड हाऊ लाँग हॅव यू बीन पुटिंग अप विथ धिस?”

“किती दिवस अंगावर काढताय, विचारतेय,” मी आईला म्हणाले.

“गेल्या तोडीपसून,” आई म्हणाली. “मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रेलरवर चढायची ना, तवापसून. डावा हातबी जड पडतो. कवा कवा दातापतुर कळ येती.”

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, पण बहिणीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा चेहरा बदलला होता.

“आई,” ती मराठीत म्हणाली, “हे नाटकातलं हाय का खरं?”

“नाटक कसलं? तू इचारती म्हनून सांगती.”

“मग आधी का न्हाई सांगितलं?”

“तू आधी इचारलं न्हाई.”

आईनं हे रागानं म्हटलं नव्हतं. ती जे होतं ते सांगत होती. बहिणीनं आतून बी.पी.चं मशीन आणलं, आईच्या दंडाला पट्टा बांधला. बी.पी. खूप चढलेलं होतं. पुढची तिची चौकशी एखाद्या मोठ्या दवाखान्यातल्यासारखी झाली. कधी होतं, किती वेळ राहतं, जेवल्यावर होतं की चालल्यावर, घाम येतो का. इंग्रजी कुठल्या कुठं गेलं होतं. सगळं आमच्या पाथर्डीच्या बोलीत चाललं होतं, आणि एकही प्रश्न वाया जात नव्हता.

ती बाहेर जाऊन दादांना म्हणाली, “जीप सांगा. आत्ता. नगरला न्यायचं हाय.”

दादा म्हणाले, “उद्या सकाळच्याला गेलं तर?”

“न्हाई दादा. आत्ता.”

आमच्या घरात दादांना असं कुणी म्हणत नसे. दादांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि जीप आणायला गेले. आई म्हणत राहिली की तूर निवडायची राहिलीय, एवढ्यानं काय होतंय. जीपमध्ये बहीण आईची नाडी धरून बसली. घाटात तिला नेहमीसारखं मळमळलं असणार, पण त्या दिवशी ती एकदाही खिडकीकडं वळली नाही.

नगरच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच बंद झाली होती. ती उघडी ठेवायला स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पुढच्या वेळी ओझं घेऊन चढताना काय झालं असतं सांगता येत नाही. लवकर आणायची गरज कुणाच्या लक्षात आली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बहिणीकडं बोट केलं. डॉक्टरांनी तिला चार प्रश्न विचारले आणि तिनं चारही उत्तरं दिली, तीही त्यांच्यासारखी इंग्रजी शब्द पेरत. दादा दाराशी उभं राहून ऐकत होते. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मग ते बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना सांगून आले, आत डॉक्टरांशी बोलतीय ती माझी धाकटी.

घरी परतल्यावर दादांनी आईकडं हात करून एकच गोष्ट सांगितली. “हिला आता उसाला न्हाई न्यायची.” आणि नेली नाही. स्वतःही गेले नाहीत. बाजरी, तूर आणि दोन म्हशी, यावर त्यांनी बस्तान बसवलं.

आईची तब्येत सावरेपर्यंत बहीण परीक्षेचं नाव काढत नव्हती. शेवटी आईनंच विषय काढला. “पेशंट बरा झालाय,” ती म्हणाली, “आता शाळा भरवा.” पुन्हा रविवार सुरू झाले. आता आईच्या पथ्याचं, गोळ्यांचं, चालण्याचं सगळं खरंखुरं बोलणं आम्ही इंग्रजीत करायचो. गोळ्या संपत आल्या की बहीण म्हणायची, ‘वी आर रनिंग आउट ऑफ’ आणि दादा पाथर्डीला जायला चपला घालायचे. दादांना ‘रनाउटव’चा अर्थ माझ्या दहावीच्या पोरांपेक्षा आधी कळला.

दुसऱ्या खेपेला परीक्षेला मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. बाहेर झाडाखाली बसून राहिले. मला माझ्या बी.ए.च्या परीक्षेलाही इतकी धडधड झाली नव्हती. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

“या वेळी पेशंट बाई होत्या,” ती म्हणाली. “तपासनीला बोलावलं होतं, पन गेल्याच न्हाईत. मी विचारलं का, तर म्हनल्या, आय नेव्हर गॉट राऊंड टू इट.”

हा शब्दप्रयोग आमच्या तक्त्यात नव्हता. ‘गेट’ आणि ‘राऊंड’ आणि वर ‘टू’. मिळणं आणि गोल. मी विचारलं, “मग काय म्हणालीस?”

“आधी मला काहीच कळलं न्हाई. पन मी सुटं सुटं केलं न्हाई. त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं. ओशाळल्या होत्या. आपल्याकडच्या बाया म्हनत्यात ना, राहूनच गेलं बघा, तसं. मला वाटलं, हे राहूनच गेलं हाय. मग मी म्हनलं, आय अंडरस्टँड. यू हॅड टू टेक केअर ऑफ एव्हरीवन एल्स. तर बाईंनी मान हलवली आनि पुढं बोलायला लागल्या.”

मी तिला तिथंच, रस्त्यावर, मिठी मारली. पास-नापास मला त्या क्षणी महत्त्वाचं राहिलं नाही. एका अनोळखी भाषेतला न शिकवलेला शब्दप्रयोग तिनं माणसाच्या तोंडाकडं बघून ओळखला होता. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. हे तिनं जामखेडच्या वॉर्डात, आमच्याच बायाबापड्यांच्या उशाशी बसून कमावलेलं होतं.

निकाल आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. फोनवर तिचा आवाज ऐकूनच कळलं. मी फोन ठेवला आणि पोरांना सांगितलं. पोरांना पास होणं समजतं, त्यांनी बाकं वाजवली. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर काय झालं म्हणून धावत आले.

पुढं कागदपत्रं, व्हिसा, मुलाखत यांत बरेच महिने गेले. ती गेली त्या सकाळी गावातल्या बाया ओवाळायला आल्या होत्या. एकीनं विचारलं, “तिकडं तोडीला जाती का?” दुसरी म्हणाली, “गप, ती नर्स हाय, साहेब लोकांला सुया टोचनार हाय.” आईनं डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या कापण्या दिल्या. दादा विमानतळापर्यंत आले आणि काच असलेल्या दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत टोपी हातात धरून उभे राहिले.

आता ती इंग्लंडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. तिकडचे म्हातारे असेच अर्धे शब्द गिळून बोलतात, असं ती सांगते. न कळलेला शब्दप्रयोग ती मला पाठवते आणि मी तो वर्गात मांडते. मराठीत याची जोडी शोधा, असं म्हटलं की आमची शेवगावची पोरं अशी काही बोलतात की तास कमी पडतो. ‘मेक फन ऑफ’ला एकीनं ‘टर उडवणे’ आणलं, आणि टर म्हणजे नक्की काय उडतं यावर वर्गात भांडण झालं. परवा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मागच्या बाकावर बसून तो तास पाहिला. घंटा झाल्यावरही ते उठले नाहीत.

मागच्या महिन्यात बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मी गावीच होते. ती वॉर्डातून बोलत होती आणि तिच्याशेजारी तिची वरिष्ठ सिस्टर उभी होती, लालसर गालांची, पन्नाशीची बाई. आईला बघून तिनं हात हलवला आणि भरभर काहीतरी बोलली. आईनं मोबाईल माझ्याकडं वळवला. “काय म्हनती?”

ती बाई म्हणत होती, “युवर डॉटर गेट्स ऑन विथ एव्हरीवन.”

मी आईला म्हणाले, “म्हणतेय, तुमच्या मुलीचं सगळ्यांशी जमतं.”

आई सरळ होऊन बसली. पदर नीट केला. “जमतंच तिचं,” ती मोबाईलमध्ये बघून मराठीतच, मोठ्यानं म्हणाली. “त्यांना म्हनावं, तिला जेवायला येळेवर सोडत जा. कामापुढं तिला भुकेची सुध राहत न्हाई.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. सुध राहत नाही, याला तिकडं काय म्हणतात मला आठवेना, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. ती बाई जोरात हसली, घड्याळाकडं पाहिलं आणि माझ्या बहिणीच्या खांद्याला धरून तिला जेवायच्या खोलीकडं ढकलत घेऊन गेली. बहिणीचा मोबाईल टेबलावरच राहिला, पडद्यावर नुसतं वॉर्डाचं छत दिसत राहिलं, आणि आई ते छतसुद्धा बराच वेळ बघत बसली.